एक चिंचोका कमी

चिंचोके तीनदा मोजले. तिन्ही वेळा एकशे एकोणनव्वदच भरले.

सोमवारी सकाळी एकोणीस मुलांना मी प्रत्येकी दहा दिले होते. पाच आणि पाच दहा, सहा आणि चार दहा, असं मांडून मांडून तास छान रंगला होता. शाळा सुटायला दहा मिनिटं असताना मुलांनी आपापले चिंचोके डब्यात टाकले आणि मी मोजायला बसले. ही माझी जुनी सवय. मोजणी पुरी झाल्याशिवाय मी पहिलीचा वर्ग कधी सोडला नाही.

खरं तर हा वर्ग माझा नाहीच. मला निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. वर्गाच्या रश्मी मॅडम दहा दिवस प्रशिक्षणाला गेल्या, शाळा दोनशिक्षकी, म्हणून मुख्याध्यापक ज्ञानेश सर तळेगाव ढमढेऱ्याला माझ्या घरी आले आणि म्हणाले, बाई, एवढे दिवस सांभाळून घ्या. मीही लगेच हो म्हटलं. शिरूरच्या मिशन कंपाउंडमधून निघून विसाव्या वर्षी मी पहिली नोकरी धरली ती वस्तीवरच्या याच शाळेत. तेव्हा एक खोली होती आणि समोर चिंच. आता चार खोल्या आहेत, भिंतीवर रंगीत बाराखडी आहे, आणि मुलं मला आजी मॅडम म्हणतात.

चिंचोका कुणी तोंडात घातला का, असं मी विचारलं. कुणी हात वर केला नाही. मग सम्राटने केला, त्याचं बघून आणखी सात जणांनी केला. कुणी नाही घातला, असं विचारल्यावर तेच आठ हात पुन्हा वर. सहा वर्षांच्या मुलांना विचारून काही कळत नाही, हे मी विसरले होते. मग एकेकाला आ करायला लावला, खिसे उलटे केले, सतरंज्या झटकल्या, प्रत्येकाच्या पाठीला कान लावून श्वास ऐकला. सम्राट खोकत होता. त्याच्या आईला फोन करून मी तळेगावला डॉक्टरकडे न्यायला लावलं. फोटो काढला, छातीत काही नव्हतं, साधी सर्दी. ती बाई मला म्हणाली, मॅडम, एका चिंचोक्यापायी एवढं? आमच्या दारात पोतंभर पडल्यात, घेऊन जावा.

तिला काय सांगणार? माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नकुशी नावाची एक मुलगी माझ्या वर्गात होती. त्या दिवशी चिंचोके कमी पडले म्हणून मी मोजायला शेंगदाणे दिले. दुष्काळाचे दिवस, मुलांच्या पोटात सकाळपासून काही नाही आणि हातात शेंगदाणे. नकुशीने एक तोंडात टाकला, तेवढ्यात शेजारच्या मुलीने तिला हसवलं. ती खोकायला लागली. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. मी म्हणाले, नकुशी, खोकणं पुरे. पोरगी गुणी होती. तिने खोकला दाबला. संध्याकाळी बरी दिसली, तिसऱ्या दिवशी ताप भरला, आठव्या दिवशी गेली. दाणा श्वासनळीत उतरला होता, हे मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

त्यानंतर दर वर्षी पहिल्या दिवशी मी मुलांना सांगायची, बी गिळली की पोटात झाड उगवतं आणि कानातून फांद्या बाहेर येतात. मुलं हसायची, पण बी कुणी तोंडात घालायचं नाही. श्वासनळी, अन्ननलिका हे त्या वयाला समजत नाही, झाड समजतं. तीस-पस्तीस वर्षं एकही अपघात झाला नाही. याचा मला मनातून अभिमान होता. या वेळीही आल्या दिवशी मी तेच सांगितलं.

मंगळवारी मी शिकवलं ते नावालाच. कान सगळे खोकल्याकडे. कुणी ठसकला की माझ्या हातातला खडू थांबायचा. मार्च संपत आलेला, पत्रा तापायचा, म्हणून सर दिवसातून तीनदा पाण्याची घंटा देतात आणि सगळी मुलं एकदम बाटल्या तोंडाला लावतात. तेव्हाही मी गळे बघत उभी राहिले. खिडकीजवळ बसणाऱ्या अपेक्षाची बाटली शाळा सुटताना भरलेली दिसली. मनात आलं, आज हिने पाणी प्यायलं नाही वाटतं. पण ती खोकत नव्हती, अक्षर नेहमीसारखं नेटकं काढत होती, म्हणून मी पुढे गेले. मी खोकल्याच्या शोधात होते.

बुधवारी अपेक्षा आली नाही.

दहाच्या सुमाराला सर वर्गाच्या दारात आले आणि मला बाहेर बोलावलं. तिच्या घरून फोन आला होता. पोरगी दोन दिवस पाण्याला शिवत नाही. पाणी पुढे केलं की तोंड फिरवते, जबरदस्ती केली की किंचाळते. घरच्यांना वाटतंय पिसाळलेलं कुत्रं चावलं असावं. पाण्याची भीती म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

वर्ग सरांच्या ताब्यात दिला आणि मी निघाले. घर शाळेपासून उसाच्या दोन वावरांपलीकडे. एवढं अंतर चालताना मी प्रार्थना करत होते, पण कशासाठी करावी ते समजत नव्हतं. चिंचोका असू दे म्हणावं की कुत्रं नसू दे म्हणावं?

अपेक्षाची आजी साखरबाई ओट्यावर बसली होती. ही माझी जुनी विद्यार्थिनी. नकुशीच्या शेजारी बसायची, नकुशीला हसवलं ते हिनेच. त्याबद्दल आम्ही दोघी आजवर कधी बोललो नव्हतो.

मला बघून ती उठली. "बाई, सगळं अंग बघितलं. दाताची खूण कुठंच न्हाई. पन बाजारच्या दिवशी माझ्यासंगं तळेगावला आली व्हती. तिथं कुत्री काय कमी हायेत? नुसतं चाटलं तरी व्हतं म्हनत्यात."

तिचा मुलगा कारखान्यातून निघाला होता. जीप घेऊन येणार आणि पोरीला पुण्याला नेणार. अंगणात शेजारच्या दोघी उभ्या होत्या, पण उंबऱ्याच्या आत कुणी येत नव्हतं. एक दुसरीला सांगत होती, लाळ लागू द्यायची नसती.

अपेक्षा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. ओठांना भेगा, डोळे आत गेलेले. समोर ताटलीत भाकरीचे कोरडे तुकडे, त्यातले दोन-तीन खाल्लेले. मला बघून ती घाबरली. लाडकी आजी मॅडम घरी आली आणि मूल घाबरलं, हे मला विचित्र वाटलं. मी जवळ बसले. तिने एक बोट कानात घातलं, फिरवलं, बाहेर काढून बघितलं. मग दुसऱ्या कानात.

साखरबाई दारातून म्हणाली, "काल सकाळपासनं कानच चाचपती. दुखतो म्हनावं तर न्हाई म्हनती. भाकर कोरडी खाती, आमटीला हात लावत न्हाई."

तेव्हा मला मूग आठवले. मागच्याच आठवड्यात वर्गात दोन वाट्यांत मूग ठेवले होते, एका वाटीत ओल्या कापसावर, दुसऱ्या वाटीत कोरडे. ओल्यांना मोड आले. कोरड्यांना का नाही आले, असं विचारल्यावर अपेक्षाने सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं, त्यांना पाणी नाही मिळालं म्हणून. मी सगळ्या वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

"अपेक्षा," मी म्हणाले, "चिंचोका तुझ्या पोटात आहे ना?"

तिने मान हलवून हो म्हटलं. तिला रडू आलं, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. हळूहळू सगळं बाहेर पडलं. सम्राट चिंचोके ओढतो म्हणून एक तिने गालात लपवला होता आणि तो गिळला गेला. खोकला आला नव्हता, ठसका लागला नव्हता. सरळ पोटात गेला होता.

सोमवारपासून मी ज्याची भीती धरली होती ते घडलंच नव्हतं. आणि जे घडत होतं ते मी केलेलं होतं.

मी तिला सांगितलं की झाड उगवत नाही. मी खोटं सांगितलं होतं. चिंचोका उद्या-परवा आपोआप बाहेर पडेल.

तिने पुन्हा कानात बोट घातलं. मग म्हणाली, "पण मुगाला आले होते मोड."

तिने डोळ्यांनी बघितलं होतं. मी नुसतं बोलत होते, आणि मी खोटं बोलते हे मीच तिला आत्ता सांगितलं होतं.

साखरबाई आत आली. "झाडाचं तुम्ही आमाला बी सांगितलं व्हतं, बाई," ती हळूच म्हणाली. "नकुशी गेल्यावर." आणि मग माझ्याकडे न बघता, "म्या तवा लई दिवस कुनाला हसवलं न्हाई."

मी तिचा हात धरला. पन्नास वर्षं राहून गेलेलं बोलायला तेव्हा वेळ नव्हता. पोरगी वाळत चालली होती. मी साखरबाईला म्हणाले, एक चिंचोका आण आणि तांब्याभर पाणी आण.

तिने आणलं. मी चिंचोका अपेक्षाला नीट दाखवला, जिभेवर ठेवला आणि पाण्याबरोबर गिळला. शहात्तराव्या वर्षी असलं काही करू नये. तो मध्येच अडकल्यासारखा झाला, क्षणभर छाती दाटली, आणि खोकायचं नाही एवढंच मी मनाशी म्हणत राहिले. मग तो खाली गेला. मी आणखी अर्धा पेला पाणी प्याले.

"आता दोघींच्या पोटात आहे," मी म्हणाले. "मी तर पाणीपण घातलं. बघ माझ्या कानात."

ती उठली. आधी डावा कान बघितला, मग पदर बाजूला सारून उजवा. पुन्हा डावा. मी हलले नाही. बराच वेळ गेला. बाहेर जीप थांबली, मुलगा चपला न काढताच आत आला आणि साखरबाईने त्याला हाताने थोपवलं.

"आणखी प्या," अपेक्षा म्हणाली.

मी प्याले. तिने कान बघितले. मग पेल्यात बोट बुडवून ओठांना लावलं. मग एक घोट घेतला आणि तोंड मिटून बसली, आत काही हलतंय का ऐकत असल्यासारखी.

डॉक्टरांना दाखवायला हवंच होतं. दोन दिवसांची कोरडी पोरगी, नुसत्या घोटांवर सोडून चालणार नव्हतं. पुण्याऐवजी तळेगावला जायचं ठरलं. मी तिला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले, साखरबाईने तांब्या धरला. वाटेत खड्डे आले की पाणी आमच्या लुगड्यांवर सांडत होतं. सरकारी दवाखान्यातही सलाईन लावून घ्यायला ती आधी तयार होईना, कारण तेही पाणीच. मला लावाल का, असं मी नर्सला विचारलं. तिला वाटलं मी थट्टा करते.

शेवटी डॉक्टर म्हणाले, पोटात ठरतंय तर तोंडानेच द्या, पण थांबू नका. मीठ-साखरेचं पाणी आणून दिलं. बाकावर आम्ही तिघी बसलो. साखरबाई मला विचारत होती, आता उद्या वर्गात पोरांना काय सांगणार? मी म्हणाले, खरं सांगणार, पण कसं ते अजून सुचलेलं नाही.

"आजी मॅडम," अपेक्षाने माझी बाही ओढली आणि पेला माझ्या हातात दिला. "आता तुमची पाळी."