तिसाव्या दिवसाचा तांदूळ

समुद्र नाथाजीनं आयुष्यात दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा गणपतीपुळ्याला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. तरी पोरगी होडीनं आफ्रिकेला निघाली म्हटल्यावर तिच्या खाण्यापिण्याचा सगळा बंदोबस्त त्यानं स्वतःकडं ओढून घेतला आणि दुसऱ्या कुणाला त्यात बोट घालू दिलं नाही. अठ्ठावीस वर्षं फौजेत लांगरी होता तो, म्हणजे आचारी. बर्फातल्या चौकीवर वाट चार-चार महिने बंद असताना त्यानं चाळीस माणसं जेवती ठेवली होती, आणि हे तो पलूसच्या स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसालाही ऐकवायला कमी करत नसे.

प्रियदर्शनी त्याची एकुलती एक. ती आणि जावई जयराज, दोघंही मालवाहू जहाजांवर नोकरीला. त्यांनी एक जुनी शिडाची होडी घेतली होती, उसाच्या ट्रॉलीपेक्षा थोडी लांब, आणि गोव्याहून निघून कुठंही न थांबता आफ्रिकेच्या खालच्या टोकाला, केपटाउनला जायचं ठरवलं होतं. का, याचं उत्तर दोघांनाही धड देता येत नव्हतं. जायचं होतं, एवढंच.

मंगलनं, नाथाजीच्या बायकोनं, यावर एकदाच तोंड उघडलं. "मरायला हितं जमीन कमी पडली व्हय गं, म्हनून पाण्यात निघालीस?" त्यानंतर तीन महिने तिनं त्या विषयापुरते ओठ शिवून टाकले. नवरा सोप्यात याद्या मांडून बसला की ती विळा उचलून वैरणीला निघून जायची.

आणि याद्या तरी किती! रस्ता पंचेचाळीस दिवसांचा, तर खाणं साठ दिवसांचं. पिण्या-रांधण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर, भांडी समुद्राच्या पाण्यात. पुठ्ठ्याचं एकही खोकं होडीवर चढवायचं नाही, झुरळं त्यात अंडी घालतात. डब्यांवरचे कागद ओलीनं सुटतात, म्हणून नावं ऑइलपेंटनं. ज्वारीचं पीठ महिन्याभरात कडू पडतं, तेव्हा ते आधी संपवायचं. भडंग, बेदाणे, सांडगे, वाळवलेली मेथी, मिठात मुरलेली लिंबं, अंड्यांना वरून तेलाचा हात. प्रत्येक दिवसाचा कागद वेगळा, त्यावर काय शिजवायचं, किती वाजता आणि कुठल्या पिंपातनं काढायचं. त्याची एक प्रत होडीवर, एक नाथाजीच्या उशाला.

पिंपं निळी, प्लास्टिकची, झाकणाला रबरी वायसर आणि वरून लोखंडी कडी. सांगलीच्या दुकानात त्यानं एकेक पिंप पाण्यात बुडवून पारखलं, तोवर दुकानदाराला घाम फुटला होता. "वारा आत जायचा न्हाई आनि भाईर यायचा न्हाई," घरी आल्यावर तो जावयाला कौतुकानं म्हणाला.

जयराज मेढ्याचा, हसतमुख पोरगा. "मामा, इतकं कडक? एखाद्या दिवशी खिचडीच खावीशी वाटली तर?"

"तर खिचडीचा दिस येस्तोवर कळ काढा. यादी मोडायची न्हाई, जावईबापू. लांबच्या मुक्कामाला मानूस भुकंनं मरत न्हाई, शिस्त सुटली की मरतंय."

विजेचंही तसंच. उपग्रहावरून चार ओळींचा निरोप पाठवणारं एक यंत्र होडीवर होतं. ते सारखं चालू ठेवलं तर बॅटरी खाणार, म्हणून दर तिसऱ्या दिवशी आपल्याकडच्या संध्याकाळच्या सातला ते आपोआप चालू होईल, साठलेले निरोप पाठवेल, आलेले उतरवून घेईल आणि बंद पडेल, अशी व्यवस्था नाथाजीनंच करायला लावली. खराखुरा फोन होता, तो अडीनडीसाठी पिशवीत बंद करून ठेवलेला.

तिसावा दिवस संक्रांतीला येत होता. हलत्या होडीत गुळाची पोळी कोण लाटणार, म्हणून त्यानं त्या दिवशी गूळभात लिहिला. मेढ्याच्या विहीणबाई, बनुबाई, दर वर्षी त्यांच्या खाचरातला तांदूळ पोतंभर पाठवायच्या. त्यातलाच घ्यायचा. जावयाच्या आईनं पिकवलेला, मुलीच्या घरचा, असं त्याच्या मनात होतं. कागदावर मात्र नुसतं लिहिलं: दिवस तीस, पिंप नऊ, घरचा तांदूळ, गूळभात, दुपारी बारा.

निघायच्या आदल्या दिवशी मंगल सोप्यात आली, पिंपांच्या रांगेकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "नऊ नंबरचं म्या भरते."

नाथाजीला भरून आलं. तीन महिन्यांनी बाईनं हात लावला होता. ती कोठीच्या खोलीत गेली तेव्हा तो मुद्दाम गोठ्याकडं गेला, आपण उभे राहिलो तर ती अवघडेल म्हणून. परत आला तेव्हा पिंपाची कडी बसलेली होती आणि झाकणावर हळदीकुंकवाची बोटं होती.

होडी गेली आणि घराला नवीनच सवय लागली. रोज सकाळी मंगल विचारायची, "आज पोरीचं काय हाय?" नाथाजी उशाची यादी काढून वाचायचा आणि मंगल तेच रांधायची. वाळलेली मेथी तर वाळलेली मेथी, दारात हिरवीगार जुडी असली तरी. जयराजची धाकटी बहीण स्वप्नाली मेढ्याहून फोनवर नकाशा पाठवायची. त्यावर, होडीची जागा कळवणाऱ्या दुसऱ्या एका छोट्या यंत्राकडून येणारा, एक लाल ठिपका असे, रोज बोटाच्या पेराएवढा खाली सरकलेला. मंगल त्या ठिपक्याला हळूच बोट लावायची, पुसला जाईल की काय अशा बेतानं.

संक्रांतीच्या सकाळी मंगल कोठीतनं तांदूळ काढून सुपात घेऊन बसली. नाथाजी शेजारी तीळ निवडत होता. नऊचा सुमार.

"महिना झाला पिंप भरून," तो म्हणाला. "किडं झालं नसतील म्हंजे मिळवली."

"कसं हुतील?" मंगल पाखडता पाखडता म्हणाली. "म्या पुडी घातलीया की."

"कसली पुडी?"

"तुमची न्हवं का, गोळ्याची. माळ्यावरच्या डबीतल्या चार घेतल्या, फडक्यात बांधून मधोमध खोल घातल्या. तुमीच सांगतासा, गोळी घातली की वरीसभर बघाय नगं." ती खुशीत होती. नवऱ्याच्या एवढ्या मोठ्या शिस्तीत आपणही एक गोष्ट विसरलो नाही, याचा तिला अभिमान होता.

नाथाजीच्या हातातले तीळ खाली सांडले.

धान्याच्या कोठीत गोळी घालायची, खोलीला आठ दिवस कुलूप लावायचं आणि अंगणापलीकडच्या खोलीत निजायचं, ही त्या घराची वीस वर्षांची रीत. गोळी नाथाजीच घालायचा. तिच्यातून धूर दिसत नाही असा विषारी वायू सुटतो, हे त्याला ठाऊक होतं. एका साली कुलूपबंद खोलीत मांजर राहिलं होतं. आठव्या दिवशी त्यानं ते गुपचूप उसात पुरलं आणि मंगल घाबरेल म्हणून तिला सांगितलंही नाही. तिला एवढंच सांगितलेलं, "औषध हाय, हात धूत जा." साठ दिवसांच्या दीडशे सूचना लिहून काढणाऱ्या या शहाण्यानं बायकोला एक वाक्य जादा सांगितलं नव्हतं.

"काय झालं? पुडी काडून टाकंल की ती. खातंय व्हय कोन?"

"काय न्हाई," नाथाजी म्हणाला. "तंबाकू घिऊन येतो."

उसाच्या बांधावर जाऊन त्यानं यंत्राच्या नंबरवर निरोप टाकला. पिंप नऊ उघडू नका. विष आहे. उघडलं असेल तर समुद्रात टाका, सगळी दारं उघडा, बाहेर बसा. तोच पाच वेळा टाकला. मग स्वप्नालीला फोन लावला. ती रडली नाही, पोरगी धीराची. तासाभरात तिनं कुठं कुठं फोन करून परत सांगितलं, "काका, बचाववाल्यांना कळवलंय. सगळ्यात जवळचं जहाज चार दिवसांवर आहे. फोन तर पिशवीत बंद. यंत्र सातलाच चालू होतं ना?"

"व्हय."

"आधी नाही का होणार?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला. "म्याच तसं लावलंय."

त्यांचे दुपारचे बारा म्हणजे आपले अडीच. तो घड्याळाकडं बघत सोप्यात बसून राहिला. पोरगी आळशी असती, उडाणटप्पू असती, यादी फेकून देणारी असती तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पण ती त्याचीच होती. शाळेत असताना पाचला उठायचं म्हणजे पाचलाच उठायची.

अडीचला मंगलनं ताट पुढं केलं. पिवळाधमक गूळभात, वर तूप. "बसा. पोरगी बी आत्ताच बसली आसंल." नाथाजीनं घास उचलला. खाल्ला नसता तर तिनं विचारलं असतं. त्यानं ताट पुसून खाल्लं आणि गोठ्यामागं जाऊन ओकला.

सातला फोन वाजला. आधी त्याचे पाचही निरोप पोचल्याची खूण आली. मग दुपारी लिहून ठेवलेला तिचा निरोप आला.

"बाबा, दिवस तीस. हवा लय खराब, लाटा मोठ्या. दारं-झाकणं लावून दोघं आत बसलोय. आईचं पिंप उघडलं. काय लसणाचा वास सुटलाय! तिनं चटणी दडवली वाटतं आत, शोधते. आईला सांगा, घरात बसल्यागत वाटतंय."

मंगल चुलीपासनं उठून आली. "काय म्हनती? वाचा की."

त्यानं वाचलं. सगळं, शेवटपर्यंत. मंगल चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळी हसली. "लसूण? म्या कुठं चटणी दिलीया? खुळी कुठली!" पदरानं डोळे पुसत ती परत चुलीकडं गेली. त्या गोळीला लसणासारखा वास येतो, हे नाथाजीला माहीत होतं. पोचलेल्या पाच निरोपांना उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठिपका पेरभर खाली सरकला. तिसऱ्या दिवशीही. मंगलला धीर आला. गल्लीतली माणसं येऊन बघून गेली आणि कौतुक करून गेली. होडीच्या मागं एक पंखासारखी फळी असते. वारा धरून ती होडीला आपोआप वळण देते, माणसं झोपली तरी होडी चालत राहते, हे जयराजनं नाथाजीला कागदावर काढून दाखवलं होतं. त्या वेळी त्याला ते फार आवडलं होतं.

"चाललीया न्हवं?" मंगल विचारायची.

"चाललीया."

"आज काय हाय पोरीचं?"

तो वाचायचा. दिवस एकतीस, सांडग्याची आमटी. दिवस बत्तीस, भडंग आणि ताकाची पावडर. दिवस तेहतीस, मसूर. ती रांधायची आणि तो जेवायचा. तेहतिसाव्या दिवशी सातला निरोप आला नाही. "यंत्र बिगाडलं आसंल," मंगल म्हणाली, आणि त्यानं मान हलवली. त्या दिवसापासनं ठिपक्यानं डावीकडं, आफ्रिकेच्या टोकाकडं वळायचं होतं. तो उजवीकडं वळला आणि नकाशावर जिकडं नुसता निळा रंग आहे तिकडं चालू लागला.

चौतिसाव्या दिवशी दुपारी स्वप्नालीचा फोन आला. नाथाजी सोप्याच्या पायरीवर उभा राहून बोलला. जहाज पोचलं होतं. माणसं होडीत उतरली होती. पुढचं सांगताना स्वप्नालीला रडू कोसळलं. तिचं रडणं थांबेपर्यंत त्यानं फोन कानाला तसाच धरला.

"काका," ती शेवटी म्हणाली, "ते विचारतायत, पिंपात गोळ्या कुणी घातल्या. लिहून द्यावं लागंल."

नाथाजीनं चार दिवस याचंच उत्तर तयार करून ठेवलं होतं. "म्या घातल्या. लिही, नाथाजीनं घातल्या. गोळ्या म्याच बांधल्या, म्याच पिंपात ठेवल्या. घरात दुसऱ्या कुनाला काय म्हाईत न्हाई. बनुबाईंस्नी बी असंच सांग."

फोन ठेवून तो वळला. दारात मंगल उभी होती. उद्याचा दिवस पस्तिसावा, मुगाच्या खिचडीचा. भिजत घालायला काढलेल्या मुगाची वाटी तिच्या हातात होती.

"कुनाला सांगत हुतासा?" तिनं विचारलं. "आनि तुमी कवा घातल्या? पुडी तर म्या बांधली."

ती नाथाजीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.