टॅपेटची टिकटिक

हमरापूरच्या एका मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचे ते हैबतरावांनीच. त्या डोळ्यांसाठी लांबून गिऱ्हाईक यायचं. पण यंदा दोन मूर्तींची नजर तिरकी गेली, आणि म्हातारबुवांनी सगळं खापर फोडलं रंगफवारणीच्या कॉम्प्रेसरवर. वीज गेली की तो पेट्रोलच्या लहान इंजिनवर चालायचा. "त्याच्या टिकटिकीनं हात हलतो," ते म्हणाले.

त्यांची सून प्रणिता दागिने रंगवायची. माहेर रोह्याचं, पंपदुरुस्तीवाल्याची लेक. टिकटिक कुठून येते हे ती झोपेतही सांगेल: व्हॉल्व आणि त्याला दाबणारा दांडा, म्हणजे टॅपेट, यांच्यात बारीक फट ठेवतात, तिथून. ती बुजवू नये हेही तिला ठाऊक होतं. पण सासऱ्यांवर तिचा भारी जीव. तिनं फट पार मिटवली. इंजिन कसं शहाण्या बाळासारखं गप्प चालू लागलं.

आणि आज वीज गेलेली, उद्या मूर्ती न्यायला टेम्पो यायचा, तर ते तापून धापा टाकत बंद पडलं. तापल्यावर व्हॉल्व लांबतो. फट नसली तर तो पुरता मिटत नाही आणि पिस्टननं दाबलेली हवा निसटते. प्रणिताला स्वतःचाच राग आला.

फट पुन्हा ठेवायची तर इंजिन गार हवं. ती थांबली. शेड अगदी शांत होती. हैबतराव उजेडाकडे तोंड करून मोठ्या मूर्तीचा डोळा आखायला बसले. कुंचला टेकला आणि थरथरला. रेघ पापणीबाहेर गेली.

त्यांनी ती ओल्या फडक्यानं पुसली. प्रणिताला रडू आलं. तिनं तोंड फिरवलं.

इंजिन गार झाल्यावर तिनं झाकण खोललं, पिस्टन वर आणला, पत्र्याची पातळ पट्टी फटीत सरकवली. ती जेमतेम सरकेल इतकी जागा ठेवून नट आवळला. दोरी ओढली. टिकटिक सुरू झाली. गडी फवारणीला लागले.

"मामा, आवाज आला परत," ती ओशाळून म्हणाली.

"येऊ दे. आवाजाचं काय नव्हतंच गो." हैबतराव पाटावरून उठले. "हात धू नि बस हितं."

"मला नाय जमायचं डोळे."

"तुझा हात बघितला मी आत्ता. बस."

तिनं कुंचला घेतला. हैबतराव शेजारी टेकले, थरथरता हात मांडीखाली दाबून. मागं इंजिन टिकटिकत होतं. रेघ जिथं जायची तिथं गेली.