टेबलामागची खुर्ची

थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी तिच्या रिकाम्या खोलीत तिच्या आईने, म्हणजे आमच्या बाईंनी, ऑफिस थाटलं. मित्रांनो, मी त्या ऑफिसातली जुनी खुर्ची आहे. त्याआधी मी जेवणाच्या टेबलाशी होते. आम्ही सहा जणी, सागवानी, बाईंच्या सासऱ्यांनी हौसेने करून घेतलेल्या. सासरे ताडमाड, म्हणून आम्हीही उंच.

बाई घरांचे नकाशे काढायच्या. त्यांनी रुंद टेबल घेतलं, मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर, प्रिंटर, काचेचं कपाट. राहिल्या खुर्च्या. सुतार टेप घेऊन बाईंच्या पायांशी वाकला.

"वहिनी, बसणाऱ्याचं माप आधी. तळव्यापासून गुडघ्यापर्यंत."

"माझं राहू द्या. गिऱ्हाइकाची खुर्ची करा, गुबगुबीत."

"गिऱ्हाईक अर्धा तास टेकणार. तुम्ही दिवसभर बसणार."

"त्या अर्ध्या तासावरच माझं दुकान चालायचंय, भाऊ. मला घरची ही खुर्ची आहे की."

"मग हिचे पाय तरी तीन बोटं कापू द्या."

"आणि सहांचा संच मोडू? मामंजी वरून शिव्या घालतील!"

दोघंही हसले. मी वाचले म्हणून मलाही बरं वाटलं.

काम वाढलं. येणारा प्रत्येक जण टेबलाचं कौतुक करी. टेबलामागे बाईंचे पाय अधांतरी असत आणि माझी कड त्यांच्या मांड्यांत रुते. मला ते कळत होतं. लाकडाला मागे सरता येत नाही.

"अगं, शाळेतल्या पोरीसारखे पाय लोंबतायत तुझे," नवरा म्हणायचा. "पाटावर तरी ठेव."

"एवढा नकाशा होऊ दे."

सात वर्षं एवढाच नकाशा राहिला. मग डावी पोटरी सुजली. "बसून बसून आलीय, उतरेल," म्हणत बाईंनी तेल चोळलं. थोरलीला मुलगी झाली, तरी हातातलं काम संपवूनच नातीला पाहायला जायचं त्यांनी ठरवलं. पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती फुप्फुसात गेली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मित्रांनो, घरात कामाची जागा मांडाल, तेव्हा दिवसभर बसणाऱ्याला आधी बसवून बघा. त्याचे पाय जमिनीला टेकू द्या. कपाटं, टेबलं मागून येतील. आणि आमच्यासारख्यांची भीड धरू नका. खुशाल करवत लावा.

नात नऊ दिवसांची असताना, सोमवारी सकाळी, माझ्यावर बसल्या बसल्या बाई गेल्या. त्यांचं वय एक्कावन्न होतं.