गाव गेल्यावर चढणारी लाइट

"गाव गेलं की लाइट लई चढती, पोरी. माझा बल्ब दरसाल तवाच उडतो," छबुमावशी म्हणाल्या होत्या.

मी हसले होते. "स्वस्तातला बल्ब घेता, म्हणून उडतो." मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी. लाइट गेल्यावर दिवा लागावा म्हणून त्यांच्या खाटेखाली बॅटरी आणि हातानं बनवलेला चार्जर बसवत होते. भिंतीतला प्रवाह सारखा मागं-पुढं होतो, बॅटरीला एकाच दिशेचा लागतो. ती दिशा चार डायोड, म्हणजे प्रवाहाला एकाच बाजूनं जाऊ देणारे छोटे भाग, लावून देतात. आमच्या शिरूर कासारकडं संध्याकाळी लाइट इतकी मंद, की बॅटरी भरतच नव्हती. म्हणून चार्जरमधल्या ट्रान्सफॉर्मरची जास्त व्होल्टची वायर जोडली. मावशी खूश.

दिवाळी झाली, गाव ऊसतोडीला गेलं. मावशींचा मुलगा-सून गेले, माझा नवरा सुरज ट्रॅक्टर घेऊन गेला. गल्लीत कुलपंच कुलपं. उरले मी, माझी तान्ही मोहिनी आणि पलीकडच्या घरात मावशी. मोहिनीला सर्दी झाली, तिच्या छातीची घरघर ऐकण्यातच माझे दिवस जायचे. मावशींकडं जाणं राहूनच गेलं.

एका संध्याकाळी मोहिनी डोळे घट्ट मिटून किरकिरायला लागली. आधी वाटलं, ताप. मग वर पाहिलं. तिच्या उबेसाठी लावलेला जुना पिवळा बल्ब पांढराफटक जळत होता. मल्टिमीटर लावला, तर दोनशे तीसच्या जागी अडीचशे व्होल्टच्या वर! एरवी घराघरातले टीव्ही, मोटारी, शेगड्या ही लाइट वाटून घेतात. आता वाटून घ्यायला कुणी नव्हतं.

डायोडला दिशा कळते, किती पुरे ते कळत नाही. त्यात वायर मी जास्त व्होल्टची जोडलेली. मावशींची बॅटरी उकळत असणार. तिच्यातून निघणारा वायू ठिणगीनं पेटतो, आणि थंडीत मावशी दार-खिडक्या लावून बसतात. त्यात दिवेलागणीची वेळ. आता त्या देवापुढं काडी ओढणार!

मोहिनीला शालीत गुंडाळून धावले.

"मावशी, काडी ओढू नका! बटनाला हात लावू नका! आधी दार उघडा!"

मी दार बडवलं.

"कोण मेलं बोंबलतंय? देवाला दिवा बी लावू देईनात!"

दार उघडलं. हातात काडेपेटी. आतून घसा खवखवणारा वास आला. ओसरीवरचा मेन स्विच पाडला, त्यांना बाहेर ओढलं, खिडकी उघडली. बॅटरी फुगून टम्म झाली होती.

"मावशी, वास नाही आला?"

"आलता की. डोळे बी चुरचुरत हुते. सांगावं कुणाला, कुलपांना?" मग मोहिनीला घेत म्हणाल्या, "बॅटरी बिघडली तवा आलीस. मी बिघडले तर येशील न्हवं?"

मला हसू आलं नाही.

सुरजच्या ट्रॅक्टरची घरी पडून असलेली जुनी बॅटरी त्यांना दिली, वायर कमी व्होल्टला जोडली. भरल्यावर आपोआप बंद होणारं सर्किट लावायचंय, त्याचं सामान बीडहून यायचंय. तोवर चार्जरची पिन मीच जाऊन लावते, मीच काढते. मधल्या वेळात चहा होतो. मोहिनी त्यांच्या मांडीवर झोपते. मी तरीही तिचा श्वास मोजत असते.

तुमच्याही गल्लीत कुलूप न लागलेलं एखादं दार असेल. गाव गेलं आणि बल्ब पांढरा जळायला लागला, की त्या दारावर थाप मारा. आतून शिवी आली तर बरंच. नाही आली, तर तिथून हलू नका.