पंपाचा बर्फ

खोटं बोलले तर ही कॉफी माझ्या नरड्यात गोठू दे! शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या लहानपणी आमच्या समुद्रावर बर्फ एवढा जाड असायचा, की गळ टाकायला भोक पाडत बसलेला माणूस उठेपर्यंत आजोबा झालेला असे. तेही खरं.

आता कसलं! समुद्र उशिरा गोठतो, लवकर फुटतो. माझा नवरा इमिना असाच गेला, कुत्र्यांच्या गाडीसकट. त्यानंतर घरात जन्मलेल्या पहिल्या बाळाला आम्ही त्याचं नाव दिलं. नाव दिलं की माणूस परत येतो. आला तो माझी नात होऊन. म्हणून मी तिला ‘अहो’ म्हणते, आणि ती कार्टी मला ‘बायको’ म्हणते.

तर पंपवाले आले. म्हणाले, समुद्राचं पाणी उपसून बर्फावर ओतायचं, थंडीनं तेही गोठतं. जाड बर्फ उन्हाळाभर टिकतो, ऊन परतवून लावतो. मग डोंगरावरचा बर्फही कमी वितळतो, समुद्र कमी चढतो, दूरदूरचे किनारे वाचतात. खाडीच्या तोंडाशी एक तुकडा त्यांनी करूनही बघितला. माझी नात, ही नवी इमिना, त्यांच्याकडेच कामाला.

सभेला अख्खं गाव जमलं. कॉफी, केक आणि भांडण.

“आणि सीलचं काय?” उटाक म्हणाला. जुना शिकारी, माझा धाकटा दीर. “बर्फात श्वासापुरती भोकं राखून असतात बिचारे. वरून पाणी ओतलंत तर ती बुजणार नाहीत?”

“गप रे धाकट्या,” इमिना म्हणाली. “नुसते बसून राहिलो तर भोकं पाडायला बर्फच उरणार नाही.”

“दादा, बर्फानं तुला एकदा गिळलंय. अजून अक्कल नाही आली?”

सगळे हसले. मला नाही हसू आलं.

“अहो, त्या बर्फावर पाऊल टाकायचं नाही. सांगून ठेवते.”

“बायको, उद्या सकाळी चालूनच दाखवते. टिकला तर हो म्हणशील?”

मी नाक मुरडलं. आमच्यात ते ‘नाही’. पण ती बघतेय कुठे!

सकाळी सगळे किनाऱ्यालगतच्या बर्फावर. पंपाच्या बर्फाच्या कडेला तिच्या गाडीची कुत्री थांबली आणि पोटावर सपाट झोपली. उठेनात. मग तिनं त्यांचे ओढायचे लांब पट्टे गाडीपासून सोडून स्वतःच्या कमरेला बांधले आणि एकटीच पुढे निघाली. लोखंडी टोकाची काठी हाणली. एका घावात काठी आरपार गेली नाही तर बर्फ माणूस पेलतो, हे आम्हाला आईच्या दुधातून मिळतं. पण ते समुद्रानं केलेल्या बर्फाचं. काठी खणकन वाजली. तिनं वळून हात हलवला.

तेवढ्यात खालून आवाज आला. धप्.

तिच्या पायाखाली. मग जरा पलीकडे. मग चहूकडे. धप्, धप्. सील डोकी आपटत होते, भोकं शोधत. माझ्या बुटांतल्या तळव्यांना ते जाणवत होतं. उटाकनं माझी बाही घट्ट धरली, तो, ज्यानं पांढऱ्या अस्वलाला शिव्या घातल्यात!

इमिना गुडघे टेकून कान लावून ऐकू लागली. वर नुसता कडक पापुद्रा होता, खालचा भुसभुशीत बर्फ पाणी पिऊन चिखल झालेला. पापुद्रा खचला. ती गेली. टोपी तेवढी दिसत होती.

“अहो!” मी किंचाळले. “एकदा मेलात तेवढं पुरे झालं!”

माझ्या आवाजानं कुत्री ताडकन उठली आणि घराकडे सुसाट सुटली. पट्टे ताणले गेले, आणि ती ओल्या सीलसारखी घसरत वर आली.

घरी तिला कातड्यात गुंडाळलं, सीलचं गरम कालवण पाजलं. दात वाजत होते. वाटलं, आता तरी सोडेल नाद.

“बायको,” ती म्हणाली, “हा बर्फ वाईट निघाला. कबूल. पण हे नाही, तर मग काय? तू सांग ना.”

तिचे डोळे घाबरलेले होते. पाण्याला नाही, त्या प्रश्नाला. मी तिच्या वाटीत आणखी कालवण ओतलं.

पुढच्या सभेत गावानं सीलची भोकं असतात तिथे पंप लावायला बंदी केली. बाकीचं भांडण चालूच आहे. ती अजून जाते त्यांच्याबरोबर, दोर बांधून. परत येईस्तोवर मी खिडकीतून हलत नाही.

सीलच्या धडका खऱ्या, हवं तर उटाकला विचारा. एवढंच एक मी रचलं: मी किंचाळले नव्हते. तोंड उघडलं होतं, आवाजच फुटला नाही. कुत्री आपली आपणच घाबरून पळाली.