ज्याचं ताट त्यानं

हिर्डोशीचा चिमाजी दात बघितल्याशिवाय बैलसुद्धा घेत नसे. लेकीची सुपारी फोडायच्या आधी होणाऱ्या जावयाची नोकरी डोळ्यांनी बघावी, म्हणून तो मुंबईच्या बंदरात विलायती आगबोटीवर चढला. "जेवणघराचा कारभार माझ्याकडं हाय," असं मानसिंगानं मागणी घालताना सांगितलं होतं.

साहेबलोक शहर बघायला उतरले होते. तेवढ्यात मानसिंगानं त्याला आत जेवणघरात नेलं. झुंबरं, गालिचे, भिंतभर रंगवलेल्या तसबिरी. एकीत मेलेलं पाखरू उलटं टांगलेलं.

"ह्याच्याम्होरं बसून जेवत्यात व्हय रं?"

"लई नावाजलेलं चित्र हाय, मामा."

"मग जित्तं काढायला काय झालं हुतं?"

दोघंही हसले. पोरगा चिमाजीच्या मनात भरला. मानसिंगानं आणलेला मासा त्यानं चवीनं खाल्ला आणि गावच्या पंगतीत उचलतात तसं आपलं ताट उचलून तो मोरी शोधू लागला.

मानसिंगानं ताट काढून घेतलं, माशाचे काटे झटक्यात एका कडेला सारले.

"ऱ्हाऊ द्या, मामा. माजं रोजचंच काम हाय."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

"साऱ्यांची उष्टी तूच उचलतोस?" चिमाजीनं विचारलं.

"व्हय. आधी सांगितलं असतं, तर पोर दिली असती?"

चिमाजीच्या जिभेवर अजून माशाची चव होती.

"न्हाई," तो म्हणाला.

मानसिंगानं मान हलवली आणि चिमाजीचं उष्टं ताट घेऊन तो मोरीकडं गेला.