मास्तरांच्या बायकोची शिकवणी

इंग्रजी व्याकरणात मास्तरांचा हात धरणारा त्या अख्ख्या रस्त्यावर कुणी नव्हता. हे सांगायला दुसरं कुणी लागायचं नाही, मास्तर स्वतःच सांगायचे. सत्तावीस वर्षं दारावर शिकवणीची पाटी. आणि अशा माणसाची बायको इंग्रजी शिकायला कुठे जात होती, तर समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दगडाकडे!

दगड हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. एकेकाळी हा मुलगा त्यांच्याच क्लासात शेवटच्या बाकावर बसायचा आणि एकच शंका चार-चारदा विचारायचा. "अरे, तू माणूस आहेस की दगड?" असं मास्तर एकदा खेकसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता त्याच दगडाने समोर क्लास काढला होता आणि संध्याकाळी त्याच्या जिन्यात चपलांना जागा पुरत नव्हती. तेही मास्तरांनी मुकाट गिळलं असतं हो. पण स्वतःची बायको?

बायको इस्पितळात नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. वॉर्डची इनचार्ज व्हायचं तर इंग्रजीचा लेखी पेपर सुटावा लागायचा. त्यात ती दोनदा नापास झाली होती आणि तिसरी संधी शेवटची होती. आधीच्या दोन्ही वेळा मास्तरांनीच शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, दहाव्या मिनिटाला आवाज चढायचा आणि पंधराव्या मिनिटाला वही आपटली जायची. तिसऱ्या वेळी सिस्टरने भांडण नाही, तंटा नाही, सरळ समोरचा जिना गाठला.

एका संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत बसली होती आणि मधेच खुदकन हसली.

"काय आहे एवढं हसण्यासारखं?" मास्तरांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"काही नाही हो. पोटवाक्यं आहेत."

पोटवाक्यं! सत्तावीस वर्षांत मास्तरांच्या क्लासात पोटवाक्याला कुणी हसलं नव्हतं. रडले होते बरेच.

"सर म्हणतात," सिस्टर उत्साहाने सांगायला लागली, "'आय नो दॅट ही कॅन वॉक स्लोली' हे वाक्य म्हणजे आमचा वॉर्डच. 'दॅट'च्या दारातून आत आलं की पेशंट पुढे, 'कॅन' त्याच्या मागे सलाइनची बाटली धरून, मग 'वॉक', आणि 'स्लोली' शेवटी पाय ओढत. सरळ प्रश्न विचारायचा असेल तर 'कॅन'ने खुशाल पेशंटच्या पुढे पळावं. पण पोटवाक्यात पळायचं नाही. आणि 'प्रॉबॅब्ली' असलं, तर ते 'कॅन' आणि 'वॉक'च्या मधे घुसतं."

"मधे घुसतं? ही काय व्याख्या झाली?"

"मला कळलं ना पण."

मास्तरांना चूक काढायची होती आणि निघत नव्हती. नियम चोख होता. त्यात ते 'सर'! लग्नाला एवढी वर्षं झाली, पण व्याकरण समजावून घेताना तिने यांना कधी 'सर' म्हटलं नव्हतं, आणि त्या कालच्या पोराला मात्र सर. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवताना भाजीला मीठ कमी आहे म्हणाले. मीठ अगदी व्यवस्थित होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरची सकाळची ड्यूटी होती. वही टेबलावरच होती. मास्तरांनी आधी नुसती चाळली. मग लाल पेन काढला. वीस वाक्यांपैकी अकरा चुकली होती. प्रत्येक चूक गोल करून समासात नियम, त्याखाली पोटनियम, आणि एके ठिकाणी 'पुन्हा तीच चूक!' असं दोन रेघा मारून लिहिलं. एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले! आदल्या पानावर दगडाने स्वतःच्या हाताने एक टीप लिहून दिली होती, तिच्यातलाही एक स्वल्पविराम त्यांनी खोडला. दगडाला कळू दे, हे घर कुणाचं आहे ते. मग वही मुकाट्याने तिच्या पिशवीत ठेवून दिली.

सिस्टर घरी आली आणि पिशवी न उघडताच क्लासला गेली. अर्ध्या तासात परत.

"काढलं मला," ती दारातच म्हणाली. "सरांनी वही उघडली, अक्षर ओळखलं आणि दोन्ही हातांनी परत दिली. म्हणाले, माझ्या सरांनी स्वतः तपासलंय, आता त्यांच्या घरच्या माणसाला मी शिकवणं बरं दिसत नाही." तिने वही टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली. "अकरा दिवस उरलेत. शिकवा."

मास्तरांना आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा गंभीर ठेवून ते समोर बसले. अगदी गोड आवाजात सुरुवात केली. सिस्टरने लिहिलं, 'टेल मी व्हेन कॅन ही गो होम.' मास्तरांनी हळुवारपणे समजावलं. तिने दुसरं वाक्य लिहिलं, पुन्हा 'कॅन' पुढे. मास्तरांनी पुन्हा समजावलं, पण दात आवळून. तिसऱ्यांदा 'कॅन' पुढे पळाला आणि मास्तरांचा तळहात टेबलावर आदळला.

"अगं, किती वेळा सांगायचं तेच तेच!"

सिस्टर रडली नाही. तिने पेनाला टोपण लावलं.

"वॉर्डात म्हातारे दिवसातून दहादा विचारतात, सिस्टर, मी घरी कधी जाणार? दहादा सांगते मी. तुमचं नाव, तुमचा दगड, तुमचा लाल पेन, या सगळ्यात माझा पेपर कुठे आहे हो? वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबतेय मी. मला इनचार्ज व्हायचंय."

ती आत निघून गेली. तिने भांडीसुद्धा आपटली नाहीत. आपटली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी रस्ता ओलांडला. जिन्यातल्या मुलांनी बाजूला सरून वाट दिली. त्यांना बघताच दगड खडू टाकून ताठ उभा राहिला आणि सगळा वर्ग मागे वळला. 'तुझी पद्धत ठीक आहे, पण...' असं काहीतरी मास्तर घोकून आले होते. चारचौघांत तोंडातून निघालं ते भलतंच.

"तिला परत घे. मला तिला शिकवता येत नाही."

दगड खाली बघत म्हणाला, "सर, तुम्ही वहीत लिहिलेलं सगळं बरोबर होतं."

"माहीत आहे मला!" मास्तर खेकसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तरी घे."

"उद्या सहाला पाठवा, सर."

दुसऱ्या दिवशी सिस्टर वर गेली आणि मास्तर तिच्या मागोमाग जाऊन जिन्यात चपलांच्या गराड्यात उभे राहिले. आत तिने तीच शंका विचारली. उत्तर मास्तरांच्या जिभेवर होतं, पण ते बोलले नाहीत. दगडाने सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही त्याचा आवाज तसाच होता. चौथ्यांदा विचारताना तिला स्वतःचंच हसू आलं आणि सगळा वर्ग हसला. मास्तरांना दगडाचा वाटला एवढा हेवा आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता. ते क्लास सुटेपर्यंत तिथेच उभे राहिले.